आधी हिशेब, मग आभार: आरेतल्या एका ट्रेल रनचं प्रकरण

आरेच्या जंगलवाटांवर धावण्याची स्पर्धा, म्हणजे ट्रेल रन, संपून दोन तासही झाले नव्हते, तोच संयोजकांचा संदेश सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पोहोचला. ‘आजची ट्रेल रन यशस्वी करणाऱ्या सर्व धावपटूंचे, प्रायोजकांचे, स्वयंसेवकांचे, पोलीस कर्मचाऱ्यांचे आणि ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे मनःपूर्वक आभार. अनवधानाने कोणाचा नामोल्लेख राहून गेल्यास क्षमस्व.’ खाली प्रायोजकांची बोधचिन्हं आणि सोबत निवडक फोटो. संदेश सभ्य होता, वेळेवर होता, शुद्धलेखनालाही नाव ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या पंधरवड्यात चार जुने स्वयंसेवक काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले. पाड्यावरच्या महिला बचत गटानं पुढच्या वर्षी नाश्त्याचं काम घेणार नाही असं कळवलं. एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी फोन करून संयोजकांना चांगलंच सुनावलं. संयोजक चक्रावले. ‘आपण तर सगळ्यांचे आभार मानले होते,’ हे वाक्य त्या काळात त्यांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकू आलं.

ही स्पर्धा भरवणारा धावपटूंचा गट मुंबईच्या पश्चिम उपनगरातला आहे, नोंदणीकृत आहे, हौशी आहे. त्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. मी या गटाबरोबर धावतो. त्या वर्षी माझ्याकडे कसलीच जबाबदारी नव्हती. पुढच्या वर्षी स्वयंसेवकांचं काम माझ्याकडे आलं आणि मग या नाराजीच्या मुळाशी जाणं भाग पडलं.

जागा आणि माणसं

आरेत धावणं आणि मरीन ड्राइव्हवर धावणं यात फरक फक्त चिखलाचा नाही. आरे दुग्ध वसाहत १९४९ सालची. शहरातले म्हशींचे तबेले इथे आणून वसवले गेले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासींचे पाडे आहेत. उत्तरेला लागूनच सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बिबट्याला उद्यानाची हद्द कुठे संपते हे ठाऊक नसतं आणि पाड्यांवरच्या लोकांना त्याचं फारसं आश्चर्यही नसतं. ते वाघोबाला देव मानतात आणि रात्री पोराबाळांना एकटं बाहेर सोडत नाहीत. म्हणजे आपण ज्याला ‘ट्रेल’ म्हणतो ती कुणाची तरी पाण्याला, भाजीला, कामाला जायची वाट असते. त्या वाटेवर काही तास तीनेकशे माणसं रंगीत बूट घालून पळणार असतील, तर स्पर्धा तिथल्या लोकांच्या जिवावर चालते. ही गोष्ट संयोजकांच्या नकाशात होती, आभाराच्या यादीत नव्हती.

जुलैच्या शेवटच्या रविवारी साडेदहा किलोमीटरचा एक फेरा, अर्धमॅरेथॉनवाल्यांना दोन. पावसात चुन्याच्या खुणा टिकत नाहीत, त्यामुळे वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या फिती आणि फाट्याफाट्यावर उभे मार्शल एवढाच आधार. उतारावरच्या खोलगट भागात मोबाइलला रेंज नाही. उजाडल्याशिवाय कुठल्याही मार्शलनं एकटं उभं राहायचं नाही हा नियम, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोघं. एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, कप नाहीत. धावपटूनं आपलं भांडं आणायचं. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, चिक्की, लिंबू, ओआरएस. शेवटच्या धावपटूच्या मागून स्वीपर, म्हणजे कुणी मागे राहिलं नाही ना हे बघणारे, आणि त्यांच्याही मागून फिती काढणारे.

फिती काढणाऱ्यांवर थोडं थांबायला हवं. ट्रेल रनमधलं हे सगळ्यात अदृश्य काम. बांधताना प्रत्येक फितीची नोंद होते, काढताना तितक्याच परत आल्या पाहिजेत, नाहीतर ते प्लास्टिक म्हशीच्या किंवा हरणाच्या पोटात जातं. पदकं वाटून झाली, ढोल वाजून झाले, मंडप उतरला, तरी तीन माणसं भर पावसात झाडाझाडाशी वाकत होती. ‘आजची ट्रेल रन यशस्वी करणाऱ्या’ हा संदेश सगळ्या ग्रुपांवर गेला तेव्हा ती तिघं अजून जंगलातच होती. रेंज मिळाल्यावर त्यांनी तो वाचला. ग्रुपमधून बाहेर पडलेल्या चौघांतले दोघं हे. त्यांना कुणी विसरलं याचं त्यांना दुःख नव्हतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. आपलं काम चालू असताना कार्यक्रम संपल्याचं जाहीर झालं, ते त्यांना लागलं.

नाश्त्याचा हिशेब

बचत गटाची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर आहे. पाड्यावरच्या बायकांनी तांदळाच्या भाकऱ्या, टाकळ्याची भाजी, कंटोळी आणि लसणाची चटणी केली. धावपटूंना ती इतकी आवडली की समाजमाध्यमांवर पदकाइतकेच भाकरीचे फोटो होते. दर ताटामागे ठरलेला होता. प्रत्यक्षात ठरल्यापेक्षा जास्त ताटं गेली, कारण धावपटूंबरोबर घरची मंडळीही जेवली. कागदी ताटल्या नकोत म्हणून पाड्यावरच्याच स्टीलच्या ताटल्या वापरल्या आणि त्या सगळ्या बायकांनीच धुतल्या. धुण्याचा दर कुणी ठरवलाच नव्हता.

पैसे मिळायला महिना लागला. कारण विचाराल तर अगदी साधं: खजिनदार परगावी, दोन सह्यांचा धनादेश, जादा ताटांचा आकडा कोणता धरायचा यावर घोळ. या महिन्यात बचत गटाला तीन वेळा आभाराचा संदेश आला. एकदा सगळ्यांबरोबर, एकदा वेगळा, आणि एकदा पाड्यावरच्या मुलांचा फोटो टाकून, ‘आमचे गोड चिमुकले चीअरलीडर्स’ या ओळीसह. गटाच्या प्रमुख ताईंना फोन केला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘दादा, आभार पोचले. हिशेब कधी पोचणार?’ आणि थोडं थांबून, ‘पोरांचे फोटो टाकायच्या आधी त्यांच्या आयांना विचारलं असतं तर बरं झालं असतं.’

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. देणं आणि आभार या दोन वेगळ्या वह्या आहेत. ज्याचे पैसे, कागद किंवा शब्द आपल्याकडे बाकी आहेत त्याचे आभार मानले, तर ते त्याला गोड लागत नाहीत. आपली बाकी विसरली जातेय अशी शंका मात्र येते. बायकांनी केलं ते कंत्राटी काम होतं. त्याला ‘प्रेमानं खाऊ घातलं’ म्हटलं की ऐकायला छान वाटतं आणि बिल मागणारी बाई उगाच हावरट दिसू लागते. उलट ताटल्या धुणं हे खरोखरच प्रेमापोटी, कुणी न सांगता झालं होतं. नेमका त्याचाच उल्लेख कुठे नव्हता.

कुणाला काय हवं होतं

बाकीच्या नाराज मंडळींकडे या नजरेनं पाहिलं की चित्र लगेच स्पष्ट होतं.

फोन करणारे प्राध्यापक राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी होते. एनएसएसच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा दाखवावी लागते. पहाटेपासून दुपारपर्यंत फाट्यावर भिजत उभ्या राहिलेल्या मुलांना गटानं देखणं रंगीत ई-प्रमाणपत्र पाठवलं. त्यावर सोनेरी किनार होती, धावत्या माणसाचं चित्र होतं, एकदोन आडनावं चुकलेली होती, आणि तास कुठेच नव्हते. मुलांना हवं होतं संस्थेच्या लेटरहेडवरचं चार ओळींचं पत्र: नाव, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काम काय, खाली सही-शिक्का. सोनेरी किनारीचा खर्च वाचला असता.

बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांना आणि पहाटे वाटेवर गस्त घातलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना गटानं भेटवस्तूंच्या पिशव्या देऊ केल्या. त्यांनी अवघडून नाही म्हटलं. सरकारी कर्मचाऱ्यानं भेटी घेण्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ची बंधनं आहेत, आणि चारचौघांत पिशवी पुढे केली की समोरच्याची पंचाईत होते. त्यांच्यासाठी खरी पोच म्हणजे त्यांच्या वरिष्ठांना नावानिशी, कामानिशी लिहिलेलं पत्र. ते फाइलला लागतं. चहा मात्र सगळ्यांनी घेतला, त्याला कुठला नियम आड आला नाही.

प्रायोजकांच्या बाबतीत गटाचा गोंधळ उलटा होता: त्यांचे आभार गरजेपेक्षा जास्त मानले गेले. यादीत ते स्वयंसेवकांच्या आधी, चित्रांसह, आणि ‘दातृत्व’ हा शब्द वापरून. खरं तर तो जाहिरातीचा व्यवहार होता. मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरता येत नाहीत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयानं जून २०१४च्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं. त्यामुळे अशा कंपनीचा पैसा सहसा मार्केटिंगच्या खात्यातून येतो. तिथल्या माणसाला विशेषणांचा उपयोग नाही. बिबवर (धावपटूच्या छातीवरच्या क्रमांकाच्या पट्टीवर) बोधचिन्ह दिसतंय असे फोटो, किती लोक आले याचा आकडा आणि जीएसटीचं बिल, हे आठवड्यात हातात पडलं की तो खूश. रुग्णवाहिकेचा खर्च ज्यांनी गुपचूप उचलला ते निवृत्त गृहस्थ मात्र खरे देणगीदार होते. त्यांना ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती हवी होती, आणि यादीत नाव अजिबात नको होतं. त्यांचं नाव छापलं गेलं. पावती राहिली. (नशीब, रक्कम बँकेतून आली होती, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.)

नाव नको असणारे आणखीही होते. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी महिला धावपटूंसाठी आवारातलं स्वच्छतागृह उघडून दिलं होतं. ट्रेल रनमध्ये बायकांची सगळ्यात मोठी अडचण कोणती हे धावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. त्या एका किल्लीचं मोल पदकांच्या पेटीपेक्षा जास्त होतं. संदेशात सोसायटीचं नाव झळकलं आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘कुणाला विचारून?’ हा प्रश्न सेक्रेटरीकाकांना झेलावा लागला.

आणि मग चिखल. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं लेप्टोस्पायरोसिसवरचं प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका दरवर्षी सांगते. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून तो जंतू पाण्यात उतरतो, आणि आरेत गुरांना तोटा नाही. गटानं धावपटूंना ई-मेल केला: पायाला जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा, ताप आला तर अंगावर काढू नका. हा मेल नोंदणीच्या यादीवर गेला. मार्शल त्या यादीत नव्हते. त्याच चिखलात धावपटू दीड तास होते, मार्शल पाच तास. डोंबिवलीहून आलेला एक मार्शल आदल्या रात्री गोरेगावला मित्राकडे झोपला होता आणि परतताना मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकमध्ये अडकून संध्याकाळी घरी पोहोचला होता. चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. तो साधा व्हायरल निघाला. पण असा काही मेल गेला होता हे त्याला एका धावपटूकडून कळलं. ग्रुप सोडणाऱ्यांत तिसरा तो. त्याला टी-शर्ट मिळाला होता, एक्स-एल मापाचा. उरलेले सगळे त्याच मापाचे होते.

पुढच्या वर्षी

आम्ही बैठकीत पहिल्यांदा आभाराचा विषय काढलाच नाही. कोणाचं काय देणं लागतो याची यादी केली: रक्कम, कागद, प्रवास, जेवण, आरोग्याची सूचना, परतीची सोय. प्रत्येकापुढे कोण पूर्ण करणार त्याचं नाव आणि दिवस. ही यादी मिटेपर्यंत एकही जाहीर संदेश नाही, असं ठरलं. प्रसिद्धी सांभाळणाऱ्या तरुण मंडळींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, रविवारी संध्याकाळी टाकलेली पोस्ट लोक बघतात, बुधवारी कोण बघतो? मुद्दा चुकीचा नव्हता. तोड अशी निघाली की रविवारी निकाल आणि फोटो जाऊ द्यावेत, आभार नंतर.

बचत गटाकडे मी आणि खजिनदार मे महिन्यातच गेलो, आदल्या वर्षाचा सगळा हिशेब लेखी घेऊन. ताईंनी दर वाढवून सांगितला. खजिनदारांनी घासाघीस करायला तोंड उघडलं, पण माझ्याकडे बघून मिटलं. पैसे स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी बँकेत जमा झाले.

तबेल्यावरच्या भैयांचं प्रकरण मजेशीर झालं. पहाटे त्यांनी कुत्री बांधून ठेवली आणि दुधाच्या गाड्या वीसेक मिनिटं थांबवल्या, म्हणून एका उत्साही कार्यकर्त्यानं त्यांना पेढे नेले. तबेलेवाल्याला पेढे! ते पोट धरून हसले, पेढे सगळ्यांना वाटले, आणि पुढच्या वेळी वेळ आधी सांगा, म्हणजे धारा लवकर काढून घेऊ, एवढंच म्हणाले. त्यांना हवी होती ती पूर्वसूचना.

स्वयंसेवकांसाठी दोन बदल झाले. आरोग्याची सूचना आता बिब असो वा नसो, त्या दिवशी चिखलात पाय घातलेल्या प्रत्येकाला जाते, पाड्यावर मराठीत छापून आणि वाचून दाखवून. आणि फिती काढणारे परत येऊन मोजणी होईपर्यंत मुख्य संयोजकानं जागा सोडायची नाही. त्यांच्यासाठी गरम जेवण बाजूला काढून ठेवायचं. हे सुरू झाल्यावर जुन्या चौघांतले दोघं परत आले. बाकीच्या दोघांना फोन केला, ते गोड बोलले, आले नाहीत. एकानं आता सायकल घेतली आहे.

जाहीर आभार मानायची वेळही बदलली. आपल्याकडे ‘आता आभारप्रदर्शन’ अशी घोषणा झाली की निम्मं सभागृह चपला शोधायला उठतं. धावण्याच्या स्पर्धेत तर शेवटी उरतात ते फक्त बक्षीसवाले आणि त्यांचे फोटो काढणारे. म्हणून आभार सुरुवातीच्या रेषेवर मानायचे ठरले, सगळे धावपटू अडकून उभे असताना. कुठल्या फाट्यावर कोण उभं आहे, नाश्ता कोणी केलाय, वाट कोणाच्या पाड्यावरून जाते, एवढंच, दोन मिनिटांत. परिणाम लगेच दिसला. धावपटू फाट्यावर पोहोचले की मार्शलना नावानं हाक मारत होते. एका मार्शल काकूंनी सांगितलं की दिवसभरात इतक्या अनोळखी माणसांनी आपल्याला नावानं हाक मारल्याची त्यांची ही पहिलीच वेळ. उल्लेख नको असलेल्यांची वेगळी यादी सूत्रसंचालकाच्या हातात दिली होती, तीही मोठ्या अक्षरांत.

खर्च वाढला, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रवासखर्च, जेवण, पत्रं, औषधाच्या सल्ल्यासाठी डॉक्टर. खजिनदारांचा आक्षेप असा की स्वयंसेवकावर एवढा खर्च करायचा तर तो स्वयंसेवक कसला. यावर मी वाद घातला नाही, फक्त आदल्या वर्षी उरलेल्या एक्स-एल टी-शर्टांचं बिल पुढे ठेवलं. यंदा स्वयंसेवकांना टी-शर्ट नाही, त्या पैशात प्रवास आणि जेवण. काहींना टी-शर्ट हवाच होता, विशेषतः कॉलेजच्या मुलांना. त्यांची तक्रार अजून मिटलेली नाही.

तिसऱ्या वर्षाची बोलणी सध्या चालू आहेत. बचत गटाच्या तीन अटी आल्या आहेत: निम्मे पैसे आगाऊ, पोरांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, आणि खाऊन झालं की धावणाऱ्यांनी आपापली ताटली स्वतः धुवायची. पहिल्या दोन त्याच बैठकीत मंजूर झाल्या. तिसरीवर अर्धमॅरेथॉनवाल्यांचं म्हणणं आहे की एकवीस किलोमीटर झाल्यावर वाकता येत नाही. ताईंना हे कळवलं आहे. उंच ओटा बांधून द्या, मग वाकावं लागणार नाही, असं त्यांचं उत्तर आलं आहे.